काकांचा नेम

जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी हातात घेतलेली असते. फळीवर टाचलेले रंगीत फुगे, समोर दोरी, दुकानदार नळी मोडून छर्रा भरून देतो आणि आपण एक डोळा मिटून घोडा ओढतो. फुगा फुटला तर नेम आपला आणि नाही फुटला तर बंदूक वाकडी! बहुतेकांचा हिशेब असाच असतो. माझ्या काकांचा हिशेब मात्र उलटा. छर्रा चुकला की ते स्वतःलाच दोष देतात. या स्वभावापायी गेल्या जानेवारीत त्यांनी बंदूकच विकायला काढली होती.

हे काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मूळचे बेळगावच्या वडगावचे, विणकरांच्या घरातले. १९७९ साली माग दुरुस्त करणारे फिटर म्हणून सुरतेला गेले आणि तिकडचेच झाले. निवृत्तीनंतर शहराच्या गर्दीतून बाहेर पडून त्यांनी कामरेजला छोटेसे घर बांधले. घरात मराठी, बाहेर गुजराती आणि रागावले किंवा मन भरून आले की कानडी, अशी त्यांच्या भाषांची वाटणी आहे. मावशीचा फोन आला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अरे, तुझ्या काकांनी बंदूक विकायला काढलीय. डोळे गेले म्हणतात. डॉक्टर म्हणतात डोळे चांगले आहेत. दोघांपैकी कोण खरं ते तू येऊन बघ."

बंदुकीतले मला काही कळत नाही. पण काकांनी एखादी गोष्ट सोडली असे चाळीस वर्षांत ऐकले नव्हते. बेळगावहून अजमेरची गाडी पकडली आणि दुसऱ्या दिवशी सुरतेला उतरलो.

चार रस्त्यावरचे गाव

सुरत स्टेशनपासून कामरेज वीसेक किलोमीटर. शटल रिक्षावाला आणखी चार माणसे मिळाल्याशिवाय हलत नाही. वराछा, सरथाणा मागे पडले की मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो आणि त्यावरच कामरेज चार रस्ता. सौराष्ट्रातून हिऱ्यांच्या आणि कापडाच्या धंद्यासाठी आलेल्या माणसांची ही जा-ये करण्याची जागा. संध्याकाळी भावनगर, अमरेली, राजकोट अशा हाका चाललेल्या असतात. काठियावाडी ढाबे, टायरची दुकाने, उसाच्या रसाची गुऱ्हाळे, आणि मधूनच उसाने भरलेली गाडी. ऊसतोडीला डांग, नंदुरबार, धुळे भागातून माणसे येतात, त्यामुळे रस्त्याच्या कडेला अहिराणी कानावर पडते आणि आपण गुजरातेत आहोत की खान्देशात असा क्षणभर प्रश्न पडतो.

कामरेज तसे फार जुने. इथल्या नदीकाठच्या टेकाडावर २००३ मध्ये उत्खनन झाले आणि प्राचीन काळी समुद्रापारच्या व्यापाराशी या गावाचा संबंध होता हे दिसले. पण मला अधिक आपुलकी वाटली ती ताम्रपटातल्या उल्लेखाची. नवसारीला सापडलेल्या, इसवी सन ७३८-३९ च्या ताम्रपटात 'कार्मणेय' नावाचा प्रदेश येतो. अभ्यासक त्याची ओळख कामरेजशी लावतात. हा ताम्रपट देणारा अवनिजनाश्रय पुलकेशी कोण? तर आपल्या बदामीच्या चालुक्यांच्याच शाखेतला. त्याने अरबांची स्वारी परतवली आणि बदामीच्या विक्रमादित्याने त्याला 'दक्षिणापथाचा आधार' अशा अर्थाची पदवी दिली. म्हणजे बदामीकडची माणसे तापीकाठी येऊन राहण्याची रीत काकांनी सुरू केलेली नाही! हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते खूप दिवसांनी हसले, असे मावशी म्हणाली.

पण ते नंतर. मी पोचलो तेव्हा काका ओसरीवर बसले होते. "बारप्पा, बा," म्हणाले आणि गप्प झाले. बंदूक कोपऱ्यात जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. चादरीला दोरी बांधली होती, गाठही पक्की होती.

कण्ण होतप्पा

जेवण झाल्यावर हळूहळू सगळे बाहेर आले. काकांची बंदूक साधी, देशी बनावटीची, नळी मोडून भरायची. आत एक जाड स्प्रिंग आणि दट्ट्या. तीस वर्षे ते परसात कागदाच्या निशाणावर छर्रे मारत आलेले. पाखरावर कधी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण काकांचा कायदा त्यांच्या आईचा, "जे परत जिवंत करता येत नाही त्याच्यावर नेम धरू नको," असा. परसाच्या टोकाला वाळूची पोती रचलेली, पुढे पुठ्ठ्याचे खोके, अंतर टेप लावून मोजलेले बरोबर पंधरा मीटर. रोज सकाळी चहाच्या आधी वीस छर्रे, हा त्यांचा नेम. म्हणजे नियमही आणि नेमही.

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. लांबचे स्वच्छ दिसू लागले, पण बंदुकीवरची मागची खाच, पुढची माशी आणि लांबचे निशाण हे तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसेनात. वय झालेल्या डोळ्याला जवळचे आणि लांबचे एकदम धरता येत नाही, त्याला कोण काय करणार? पुण्यातल्या नातवाला हे कळले. त्याच्या पहिल्या पगारातून त्याने आजोबांना बंदुकीवर बसवायची दुर्बीण पाठवली. चांगली मोठी, वजनदार, सोळा पटींपर्यंत मोठे दाखवणारी, आत लाल दिवा लागणारी. काकांनी ती हौसेने बसवली. पंधरा दिवस छर्रे एका ठिकाणी गोळा झाले. मग पसरू लागले. आज डावीकडे, उद्या खाली, परवा कुठेच नाही.

"आधी वाटलं थंडीनं हात कापतोय," काका म्हणाले. "मग पोतं खाली घेऊन मारून बघितलं. तरी तेच. दुर्बीण नवी, महागाची. पोरानं पहिल्या पगारातून घेतलेली. मग राहिलं काय? कण्ण होतप्पा."

हे वाक्य ऐकून मला पुढे काही बोलता येईना. मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी तपासून डोळा उत्तम म्हटले होते, पण निशाणाचा कागद रोज सकाळी दुसरेच सांगत होता आणि काकांनी कागदावर विश्वास ठेवला होता. मावशी म्हणाली की हल्ली ते स्कूटरही काढत नाहीत. "नेम धरता येत नाही तो डोळा रस्त्यावर कशाला न्यायचा," म्हणतात. छर्ऱ्याची बंदूक बाजूलाच राहिली, माणूसच घरात बसू लागला होता.

एकच बंदूक, दोन कागद

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटले, काका, मला शिकवा. शिकवायचे म्हटले की कोणताही फिटर उठतो. त्यांनी गाठ सोडली. डोळ्यांवर चष्मा घालायला लावला, मागे कोणी नाही ना ते बघितले, आणि मला पोत्यावर बंदूक टेकवून पाच छर्रे मारायला लावले. माझे छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरले. काका काही बोलले नाहीत. मी नवशिका, त्यात नवल काय?

मग मला सुचले ते केवळ अज्ञानामुळे. दुर्बिणीतून मला नीट दिसतच नव्हते, खोके धूसर दिसत होते. म्हणून म्हटले, ही काढून जत्रेतल्यासारखी नुसती माशी धरून मारू का? काकांनी दुर्बीण उतरवली. तीच बंदूक, तेच छर्रे, तेच पोते, तोच नवशिका. पाच छर्रे चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या गोलात बसले.

काकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. बराच वेळ बघत राहिले. मग काही न बोलता आत जाऊन पान्ह्यांची पेटी घेऊन आले. चाळीस वर्षे सुरतेचे माग ज्या पेटीने दुरुस्त केले ती पेटी.

पुढचा तास मी फक्त बघत होतो. बंदुकीच्या पाठीवर दुर्बीण बसवण्यासाठी ११ मिलिमीटर रुंदीची खाच असते. त्या खाचेवर दुर्बिणीच्या पकडीने ओरखडे काढले होते आणि ते अर्धे बोट लांब होते. म्हणजे पकड दर छर्ऱ्याला थोडी थोडी सरकत आली होती. काकांनी ती पुसून पुन्हा घट्ट बसवली आणि मला मारायला सांगितले. पुन्हा ताटच. म्हणजे पकड सैल होती, पण दोष तेवढाच नव्हता. मग त्यांनी दुर्बिणीवरचा उंचीचा बटण-स्क्रू फिरवून बघितला. तो जवळजवळ शेवटापर्यंत वर नेलेला. शेवटी बंदूक पोत्यात रोवली, दुर्बिणीतला क्रॉस समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्यावर धरला, आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दुर्बिणीला हलकेच टिचकी मारली. "बघ आता." मी बघितले. क्रॉस खिळ्यावरून सरकला होता आणि परत आला नव्हता.

"ही मेलीय आतून," काका म्हणाले. आवाज बदलला होता.

दोन्ही बाजूंनी धक्का

दुर्बीण महागाची, नवी, चांगल्या काचेची. मग ती मेली कशाने? मी आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या मित्राला फोन लावला आणि काकांच्या हातात दिला. दोघांचे अर्धा तास चालले. त्यातले मला समजले ते असे.

दारूची बंदूक उडते तेव्हा धक्का एकाच दिशेला, मागे, खांद्याकडे. अशा बंदुकीसाठी बनवलेली दुर्बीण तो धक्का सोसते, कारण तिच्या आतले भाग त्या दिशेसाठी बांधलेले असतात. स्प्रिंगच्या बंदुकीचे तसे नाही. घोडा ओढला की दाबलेली स्प्रिंग सुटते आणि पाव किलोच्या आसपासचा दट्ट्या वेगाने पुढे धावतो. दट्ट्या पुढे म्हणून बंदूक मागे. इथपर्यंत ठीक. पण दट्ट्याच्या पुढे कोंडलेली हवा दाबली जाऊन कडक उशीसारखी होते आणि दट्ट्या तिच्यावर एकदम थांबतो. तेव्हा बंदूक पुढे हिसकते. हा दुसरा, उलटा हिसका पहिल्यापेक्षा तीव्र असतो. आणि अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याचा नळीतला प्रवास याच गोंधळात चाललेला असतो! सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत.

बसमध्ये उभे राहिलेल्या माणसाचे उदाहरण मित्राने दिले. बस सुटताना मागे जाल हे ओळखून मागचा दांडा धरला आणि ड्रायव्हरने लगेच ब्रेक मारला तर माणूस तोंडावर पडणारच. दुर्बिणीतली भिंगे आणि क्रॉसची केसासारखी तार यांचे हेच होते. रोज वीस छर्रे म्हणजे वीस वेळा मागे, वीस वेळा पुढे.

काकांना मात्र बसची गरज पडली नाही. फोन ठेवून ते म्हणाले, "हे मला आधीच कळायला पाहिजे होतं. मागाचा धोटा! लाळी कशी असते? इकडून मारली की तिकडे, तिकडून मारली की इकडे. एकाच बाजूनं आपटणारं यंत्र असेल तर एका बाजूचे बोल्ट बघायचे. दोन्ही बाजूंनी आपटत असेल तर एकही बोल्ट बिनतपासता ठेवायचा नाही. आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं आणि स्वतःच्या परसात विसरलो."

उंचीच्या स्क्रूचेही कोडे सुटले. नळी मोडून भरायच्या बंदुकीत नळीचे तोंड पुष्कळदा दुर्बिणीच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेले असते. छर्रे खाली लागतात म्हणून आपण स्क्रू वर फिरवत जातो. दुर्बिणीच्या आत एक छोटी नळी असते. तिला एका बाजूने हे स्क्रू दाबतात आणि समोरून एक छोटी स्प्रिंग. स्क्रू शेवटापर्यंत नेला की त्या स्प्रिंगचा दाब ढिला पडतो आणि आतली नळी प्रत्येक हिसक्याला हवी तशी डुलते. छर्रे पसरायला एवढे कारणही पुरेसे होते. काकांच्या दुर्बिणीत तिन्ही दोष एकदम जमले होते.

कोणती घ्यावी

संध्याकाळी आम्ही तापीच्या पुलाकडे फिरायला गेलो. मुलताईहून निघून भुसावळ, प्रकाशा करत आलेली ही नदी इथे रुंद आणि शांत दिसते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तिने सुरत बुडवली होती, हे पाण्याकडे बघून खरे वाटत नाही. रस्त्यात पोंक घेतला. पोंक म्हणजे आपला हुरडा, आपली सीतनी! कोवळ्या ज्वारीचे हिरवे दाणे, वर लिंबू-मिरीची शेव. काका खाता खाता हिशेब करत होते आणि मला लिहून घ्यायला सांगत होते. घरी कोणाकडे अशी बंदूक असेल तर उपयोगी पडेल म्हणून तो हिशेब इथे देतो.

पहिले म्हणजे दुकानदाराला नुसते 'एअरगनला चालेल का' असे विचारू नये. हवेची टाकी असलेल्या बंदुकीला जवळजवळ धक्काच नसतो, तिला कोणतीही दुर्बीण चालते. 'स्प्रिंगच्या बंदुकीवर चालेल का आणि त्यावर बिघडली तर बदलून मिळेल का' असे विचारावे, आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. दुसरे, क्रॉस तारेचा नसून काचेवर कोरलेला असावा. तार तुटते किंवा फिरते, काचेवरची रेघ कुठे जाणार? तिसरे, दुर्बीण जवळच्या अंतरावर स्पष्ट करता येणारी हवी. रानातल्या बंदुकीची दुर्बीण शंभर यार्डांसाठी जुळवलेली असते. पंधरा मीटरवर ती धूसर दिसते आणि डोळा जरा हलला की क्रॉसही निशाणावरून हललेला दिसतो. पुढच्या भिंगावर अंतराची कडी असलेली आणि दहा यार्डांपासून जुळणारी घ्यावी.

चौथे वजनाचे. मोठी दुर्बीण म्हणजे चांगली दुर्बीण असे आपल्याला वाटते, पण दर हिसक्याला तेवढे वजन पकडीला ओढत असते. परसातल्या निशाणाला चार पट पुरे, फार तर तीन ते नऊ पटींची. पाचवे पकडीचे. दोन सुट्या कड्यांपेक्षा एकसंध पकड बरी, आणि तिला खाली रोखखिळा असावा, जो बंदुकीच्या पाठीवरच्या भोकात बसतो. मग ती मागे सरकूच शकत नाही. स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. जोर लावून आवळले तर दुर्बिणीची नळीच दबते. नळी झुकलेली असेल तर स्क्रू फिरवत बसू नये, मागची कडी उंच असलेली पकड घ्यावी.

राहिले बंदुकीचे. छर्रा न भरता घोडा ओढू नये, कारण पुढे हवेची उशीच धरत नाही आणि दट्ट्या सरळ भिंतीवर आपटतो. हवेच्या भोकात तेल सोडू नये, ते आत पेट घेते आणि धक्का वाढतो. आणि बंदूक आवळून धरू नये. दोन्हीकडे हिसकणारे जनावर मोकळे धरले तरच दरवेळी सारखे हिसकते. काका म्हणाले, "पोतं मऊ, हात मऊ."

यात कायद्याचीही बाब आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० जूलपेक्षा जास्त जोराच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना लागतो. काकांची त्याच्या आतली, आणि तिचे बिल त्यांच्या रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलेले.

पुलावरून परतताना मी विचारले की कोल्हापूरची तेजस्विनी सावंत किंवा राधानगरीकडचा स्वप्निल कुसाळे यांना ही अडचण येत नसेल का? काकांनी मान हलवली. स्वप्निलने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक घेतले तेव्हा त्यांनी कामरेजच्या सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. त्या खेळात दुर्बीण नसतेच, बारीक भोकाची कडी असते. त्याची बंदूक गोळीची. दहा मीटरच्या हवेच्या बंदुकीतही आता कोंडलेली हवा असते, स्प्रिंग नाही. पण पूर्वी त्या खेळातही स्प्रिंगच होती. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने १९६० च्या दशकात आख्खी बंदूक आपल्या दांड्यावर रुळासारखी सरकेल अशी रचना केली आणि डायना कंपनीने एकमेकांविरुद्ध धावणारे दोन दट्टे बसवले. म्हणजे ज्यांनी जग जिंकायच्या बंदुका बनवल्या त्यांनाही या उलट्या हिसक्याशीच झगडावे लागले होते. हे ऐकून काकांना बरे वाटल्यासारखे दिसले.

पाच छर्रे

मुंबईच्या दुकानातून मागवलेली छोटी, चार पटींची दुर्बीण तिसऱ्या दिवशी कुरियरने आली. काकांनी ती दुपारभर बसवली. दोऱ्याला खिळा बांधून ओळंबा सोडला आणि क्रॉसची उभी रेघ त्याच्याशी जुळवली. डोळ्यापासून तीन बोटांवर भिंग येईल असे अंतर धरले. मग म्हणाले, "आज नाही. आज फक्त पन्नास छर्रे असेच मारू. नवा माग पहिल्या दिवशी कापड देत नाही." पन्नास छर्ऱ्यांनंतर सगळे स्क्रू पुन्हा तपासले. दोन किंचित सैल झाले होते.

चौथ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, काका पोत्यामागे बसले. मावशी कधी नव्हे ती परसात येऊन उभी राहिली, हातात चाळणी तशीच. पहिला छर्रा काळ्याच्या डावीकडे. काकांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही, पण मावशीने चाळणी घट्ट धरली. दोन टिचक्या स्क्रूला. मग पाच छर्रे, सावकाश, प्रत्येकामध्ये एक श्वास.

मी धावत जाऊन कागद आणला. पाच भोके, आणि त्यांच्यावर पाच रुपयांचे नाणे ठेवले तर सगळी झाकली जात होती.

काकांनी कागद घेतला, उलटून बघितला, प्रकाशासमोर धरला. "कण्ण अदावल," एवढेच म्हणाले. डोळे आहेत की! मग चष्मा काढून उगाच पुसत बसले. मावशी म्हणाली, "डोळे आहेत तर डाळीतले खडे वेचायला या," आणि आत निघून गेली. पण तिचाही आवाज नेहमीचा नव्हता.

नातवाला काय सांगायचे हा प्रश्न उरला. त्याची पहिल्या पगाराची दुर्बीण मोडली म्हणायचे? संध्याकाळी काकांनीच फोन लावला. "दुर्बीण एक नंबर आहे," ते म्हणाले, "आपली बंदूकच उलट्या डोक्याची. चूक तुझी नाही, मी विचारलं नाही." नातू आधी वाईट वाटून घेत होता. मग काकांनी त्याला धोट्याची गोष्ट सांगायला घेतली आणि फोन पाऊण तास चालला. ती मोठी दुर्बीण त्यांनी एका लाकडी घोडीवर बसवून गच्चीवर ठेवली आहे. क्रॉस आता वाकडा असला तरी काच उत्तम आहे. त्यातून शेतातले बगळे मोजतात.

मी निघालो त्या दिवशी मला चार रस्त्यावर सोडायला काका स्कूटर घेऊन आले. स्वतः चालवत. महामार्गाच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली, माझ्या पिशवीत पोंकाची पुडी घातली, आणि सुटताना म्हणाले, "कॉलेजातल्या त्या मित्राला सांग, लाळीचं उदाहरण बसपेक्षा चांगलं आहे. पोरांना शिकव म्हणावं."

तो पाच भोकांचा कागद त्यांनी मला दिला नाही. मागितला होता. पण तो आता त्यांच्या पान्ह्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. घरातले वडीलधारे माणूस 'आता आपल्याच्याने होत नाही' म्हणून एखादी गोष्ट गुंडाळून ठेवत असेल, तर ते लगेच मान्य करू नये असे मला या प्रवासातून वाटू लागले आहे. कधी कधी खरेच वय झालेले असते. पण त्याआधी एकदा स्क्रू तपासायला काय हरकत आहे?